उजनी जलाशयातील जिवंत आमिषाची मासेमारी

उजनी जलाशयात लहान होडीतून, गळाला जिवंत आमिष लावून केली जाणारी मासेमारी ही जाळ्यांच्या व्यावसायिक मासेमारीला समांतर चालणारी, मुख्यतः घरच्या गरजेसाठी व हौसेपोटी केली जाणारी पद्धत आहे. भीमा नदीवरील हा जलाशय पुणे जिल्ह्यातील दौंड व इंदापूर आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा या तालुक्यांच्या हद्दींत पसरलेला आहे. पुणे–सोलापूर मार्गावरील भिगवण हे त्याच्या काठावरील मासळीचे सर्वांत परिचित गाव होय. बारामती तालुक्यातील पिंपळीसारख्या गावांना हा जलाशय जवळ असला, तरी कालव्याच्या किंवा विहिरीच्या काठावर बसून शिकलेली गळाची विद्या येथे पुरी पडत नाही. कालव्याची खोली ठरलेली असते आणि दोन्ही काठ डोळ्यांसमोर असतात. जलाशयात खोली ऋतूनुसार बदलते, मासा काठापासून दूर असतो आणि त्याच्यापर्यंत जाण्यासाठी पाण्यावर उतरावे लागते. त्यामुळे नवशिक्याला तीन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात: मासा, आमिष आणि होडी. यांपैकी तिसरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

शब्द आणि पूर्वपीठिका

‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस असा आहे. ‘निरामिष’ भोजन या शब्दप्रयोगात तो अजून टिकून आहे. गळाला लावावयाचा मांसाचा तुकडा, त्यावरून माशाला दाखविलेला लोभ आणि त्यावरून कोणताही लोभ, असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचारही या व्यवसायातूनच भाषेत आला आहे.

गळाने मासे धरण्याचे सविस्तर वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळते. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत त्याने ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र विषय मांडला असून माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी, काठी आणि गळ यांची माहिती दिली आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो धान्य कांडताना गायिल्या जाणाऱ्या ओवीच्या उल्लेखामुळे. त्यातील मासेमारीच्या भागाकडे मात्र मराठी वाचकांचे लक्ष क्वचितच जाते.

भीमेच्या खोऱ्यातील माशांची पहिली आधुनिक शास्त्रीय नोंद मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने केली. त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनांत दख्खनमधील अनेक जातींना स्थानिक नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. महाशीर माशाच्या ‘टॉर खुद्री’ आणि तांबड्या माशांच्या गटातील ‘लेबिओ पोटैल’ या नावांमध्ये पुण्याच्या परिसरातील कोळी-भोयांच्या तोंडचे शब्द आजही जगभर वापरले जातात.

जलाशयाचे स्वरूप

उजनी धरणाचे बांधकाम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून ‘यशवंतसागर’ असे नाव देण्यात आले. त्याची पूर्ण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. वृत्तपत्रांत उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात त्या यामुळेच. उपयुक्त साठा संपून शून्य टक्के झाले, तरी जलाशयात मोठे पाणी शिल्लक असते. मासे त्या पाण्यात आश्रय घेतात. अन्य अनेक तलाव उन्हाळ्यात तळ दाखवतात, उजनी तसा दाखवत नाही. येथील मासेमारी वर्षभर टिकून राहण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

पाणी उतरत गेले की बुडालेला भूभाग वर येऊ लागतो. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील जुने पळसनाथ मंदिर अशा वेळी उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी लोक गर्दी करतात. मासेमाराच्या दृष्टीने मात्र मंदिराचे शिखर दिसण्याच्या आधीचा काळ अधिक महत्त्वाचा असतो. त्या वेळी जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, बांध आणि बाभळींचे खुंट पाण्याखाली वीत-दोन वीत खोलीवर असतात. मासे तेथेच थांबतात आणि होडीचा तळ फुटण्याची भीतीही तेथेच असते.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा-मुठेतून व भीमेतून या जलाशयात येते. पाणी पुष्कळदा हिरवट असते आणि उष्ण, निर्वात दिवसांत पहाटेच्या सुमारास त्यातील प्राणवायू घटतो. जिवंत आमिष सांभाळणाऱ्यास याची जाणीव लवकर होते, कारण काठावरून भरून घेतलेल्या बादलीतील मासे होडी सुटण्यापूर्वीच मान टाकतात.

जिवंत आमिष घेणारे मासे

जलाशयातील प्रत्येक मासा जिवंत आमिषाला येत नाही. ही साधी गोष्ट न कळल्याने नवशिक्याचे पहिले काही दिवस व्यर्थ जातात. कटला, रोहू आणि मृगळ हे बाजारातील मुख्य मासे आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य खाद्य घेतो आणि मृगळ तळातील कुजलेले पदार्थ वेचतो. त्यांच्यासाठी कणकेचा किंवा पेंडीचा गोळा लावतात. लहान मासा त्यांच्यासमोर दिवसभर फिरला, तरी ते त्याच्याकडे पाहणार नाहीत.

जिवंत आमिष शिकारी माशांसाठी असते. त्यांत मरळ प्रथम येतो. तो हवेतील प्राणवायूही घेऊ शकतो, म्हणून ठरावीक अंतराने पृष्ठभागावर येतो. पाणवनस्पतींच्या मधल्या उघड्या जागेत त्याच्या वर येण्याने उमटणारे वलय हीच त्याची खूण असते. तो उथळ, गवताळ पाण्यात दबा धरून बसतो आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झेप घेतो. शिवडा हा मोठ्या जबड्याचा, खवले नसलेला मासा संध्याकाळनंतर हालचाल करतो. त्याच्या बारीक दातांच्या रांगांवर घासून दोरा तुटतो, म्हणून गळाजवळचा हातभर दोरा जाड ठेवावा लागतो. मिशा असलेला शिंगाळा नदीच्या जुन्या पात्रात, तळाशी मिळतो. त्याच्या पाठीवरील व छातीच्या परांचे काटे हातात घुसल्यास जखम बरेच दिवस ठणकते, त्यामुळे त्याला फडक्याने व परांच्या मागून धरतात. वाम दगडांच्या सांदीत राहते आणि गांडुळाला येते.

चिलापी हा मासा या चौघांच्या पंक्तीला बसणारा शिकारी नव्हे, तरीही नवशिक्याचा पहिला मासा बहुधा तोच असतो. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५० च्या दशकात भारतात आणला गेला आणि उजनीत तो आता मोठ्या संख्येने आढळतो. गांडुळाच्या तुकड्याला तो सहज येतो. गळ ओढण्याची वेळ, दोऱ्याचा ताण आणि मासा होडीत घेण्याची रीत चिलापीवर शिकून घ्यावी आणि मग मरळेकडे वळावे, हा क्रम शहाणपणाचा आहे.

आमिष

सर्वांत सोपे व निर्धोक आमिष गांडूळ होय. शेणखताच्या जुन्या ढिगाखाली किंवा उसाच्या पाचटाखालच्या ओल्या मातीत ते मिळते. ओलसर मातीसह भोके पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवल्यास ते दोन-तीन दिवस चांगले राहते. पूर्ण गांडूळ गळात माळेसारखे ओवण्याऐवजी दोन ठिकाणी टोचून टोके मोकळी सोडतात. ती हलत राहिली पाहिजेत. नाकतोडे मरळेला चालतात, तर गोड्या पाण्यातील झिंगे शिंगाळ्याला व वामेला आवडतात.

मोठ्या शिकारी माशासाठी लहान मासा लावतात आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. काठाजवळ बारीक आसाच्या जाळ्याने मासे ओढले, तर त्यांत चिलापीच्या पिल्लांबरोबर कटला-रोहूची बोटुकलीही येतात. उजनीतील मच्छीमारांची जुनी तक्रारच मुळी बारीक जाळ्यांनी, विशेषतः ‘वडाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओढजाळ्याने, लहान मासळी संपवली जाते अशी आहे. एका मरळेसाठी रोहूची दहा बोटुकली खर्ची घालणे हे त्याच नुकसानीचे छोटे रूप ठरते. म्हणून आमिषासाठी चिलापीचीच पिल्ले वापरावीत. ती ओळखणे अवघड नाही. चिलापीच्या पाठीवरील पर लांब व काटेरी असतो, अंगावर उभे पुसट पट्टे असतात आणि शेपटी दुभंगलेली नसते. कटला, रोहू व मृगळ यांच्या पिल्लांची शेपटी स्पष्ट दुभंगलेली असते आणि पाठीच्या पराला टोचणारे काटे नसतात. शंका असल्यास ते पिल्लू पाण्यात सोडून द्यावे.

दुसरा नियम असा की आमिष ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात वापरावे. उजनीतील चिलापी बादलीतून नेऊन गावच्या तळ्यात किंवा शेततळ्यात उरलेली ओतून दिली, तर ती तेथे वाढते आणि त्या तळ्यातील मूळ माशांच्या अन्नावर व अंडी घालण्याच्या जागांवर हक्क सांगते. बाहेरचे मासे जलाशयात आणणे त्याहून घातक असते. आफ्रिकी मांगूर हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. अत्यंत खादाड व कमी प्राणवायूतही तग धरणाऱ्या या माशाच्या पालनावर देशात बंदी आहे. तरीही उजनीच्या काठी त्याची चोरून शेती होत राहिली आणि प्रशासनाला तळी नष्ट करण्याच्या कारवाया कराव्या लागल्या. विक्रेत्याकडून ‘मांगूरची पिल्ले’ म्हणून घेतलेले आमिष गळावरून निसटले, तर ते पुन्हा पकडता येत नाही.

आमिष जिवंत ठेवण्यासाठी पाणी थंड, सावलीत आणि कमी गर्दीचे हवे. दहा लिटरच्या बादलीत बोटभर लांबीची पिल्ले डझनभराहून अधिक ठेवू नयेत. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप स्वस्तात मिळतो. तो नसल्यास तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहणे हा जुना उपाय आहे. पाणी एकदम न बदलता निम्मे-निम्मे बदलावे, कारण तापलेल्या बादलीतून थंड पाण्यात टाकलेली पिल्ले धक्क्याने मरतात. हात ओला केल्याशिवाय माशाला धरू नये, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो.

गळ कोठे टोचावा हे होडी स्थिर आहे की वाहत आहे यावर ठरते. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या होडीतून गळ ओढला जातो, तेव्हा पिल्लाच्या ओठांतून गळ घालतात, म्हणजे ते सरळ पोहत येते. होडी नांगरलेली असल्यास पाठीच्या पराजवळ, कण्याच्या वरच्या मांसात टोचतात. कणा दुखावला की पिल्लू लगेच मरते आणि जिवंत आमिषाचा हेतूच संपतो.

जिवंत कणा असलेल्या प्राण्याला असे टोचावे काय, हा प्रश्नही विचारला जातो आणि तो अप्रस्तुत नाही. नॉर्वे व स्कॉटलंड येथे जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे. शिवडा व शिंगाळा हे वासावर येणारे मासे असल्याने ताजा मेलेला मासा किंवा त्याचा तुकडाही त्यांना पुरतो. बेडूक लावण्याची रीत मरळेसाठी अनेक ठिकाणी होती. तथापि बेडकांच्या काही जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे आणि सामान्य माणसाला जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत. बेडूक वापरूच नये हे उत्तम.

साधने

साधनांवर फार खर्च करण्याचे कारण नाही. होडीत सहा-सात फुटांची काठी सोयीची पडते, त्याहून लांब काठी शेजाऱ्याच्या डोक्याला लागते. तंगुसाचा दोरा, शिशाचा भार, पाण्यावर तरंगणारा बूच आणि निरनिराळ्या आकाराचे गळ एवढे पुरे. गळांच्या क्रमांकांबाबत घोटाळा होतो, म्हणून हे ध्यानात ठेवावे की साध्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका गळ लहान असतो, तर १/०, २/० या मालिकेत आकड्याबरोबर गळही मोठा होतो. चिलापीसाठी ८ किंवा १० क्रमांकाचा, मरळ व शिवड्यासाठी १/० ते ३/० चा गळ वापरतात. टोक आत वळलेला वर्तुळाकार गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. तो वापरताना झटका न देता दोरा सावकाश ताणावा. लहान निघालेला मासा सोडून द्यावयाचा असेल, तर हाच गळ योग्य ठरतो.

होडी आणि वारा

उजनीत मच्छीमारांच्या होड्या पूर्वी लाकडी असत, आता फायबरच्याही दिसतात. भिगवण व कुंभारगाव येथील अनेक मच्छीमार हिवाळ्यात याच होड्यांतून पर्यटकांना रोहित पक्षी दाखवतात. नवशिक्याने पहिल्या काही खेपा अशा जाणत्या माणसाबरोबरच कराव्यात. त्याला पाण्याखालची भिंत कोठे आहे हे ठाऊक असते आणि आभाळाचा रंग कधी बदलला हेही तोच आधी सांगतो. नदीकाठी माणसे गुळाच्या काहिलीतून किंवा ट्यूबवरून पाणी ओलांडत आली आहेत, परंतु या साधनांवर बसून गळ टाकणे हा निव्वळ धोका होय.

जलाशय विस्तीर्ण व उघडा आहे. वाऱ्याला अडवणारे डोंगर जवळ नाहीत, आणि पाण्याचा पट्टा जितका लांब तितकी त्याच्या पलीकडच्या टोकाला लाट मोठी उठते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि शांत पाणी अल्पावधीत खवळते. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली. होडीतील सात जणांपैकी एकजण पोहत काठावर पोहोचला, सहा जणांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी एप्रिल २०१७ मध्ये इंदापूर तालुक्याच्या हद्दीत सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघे बुडाले होते. दोन्ही घटना उन्हाळ्यातील आहेत. उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून धोका कमी, हा समज त्यामुळे टिकत नाही.

उन्हाळ्यात पहाटे निघून दहा-अकराच्या आत काठावर परतणे हा येथील पाळण्याजोगा नियम आहे. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवून उपयोग नाही, ते अंगावर व बंद बांधलेले हवे. पोहता येणाऱ्यालाही ते लागते, कारण होडी उलटताना डोक्याला मार बसू शकतो आणि पाण्याखाली गळ, दोरा व जुनी जाळी यांत पाय अडकतो. होडीत उभे राहू नये. मोठा मासा लागल्यावर दोघांनी एकाच बाजूला झुकणे ही लहान होडी उलटण्याची नेहमीची रीत आहे. एकाने दोरा सांभाळावा, दुसऱ्याने बसूनच हातजाळीने मासा घ्यावा.

नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाकडून, म्हणजे नाळेकडून, टाकावा. मागच्या बाजूने टाकल्यास होडीची सपाट पाठ लाटेसमोर येते आणि पाणी आत शिरते. दोर खोलीच्या तिपटीहून कमी असू नये. आखूड दोरावर नांगर धरत नाही आणि लाट उठल्यावर होडीचे तोंड खाली ओढले जाते. नांगर खुंटात अडकला व वारा वाढला, तर तो सोडवण्याच्या नादी न लागता दोर कापावा. यासाठी चाकू खिशात असावा, आमिषाच्या डब्याखाली नव्हे. होडी उलटलीच, तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटण्याऐवजी होडीला धरून राहावे. पाण्यावरून अंतराचा अंदाज चुकतो, आणि शोधणाऱ्यांना डोक्यापेक्षा होडी आधी दिसते.

हक्क आणि कायदा

महाराष्ट्रातील जलाशयांतील मासेमारीचे हक्क शासनाकडे असून ते ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा परवान्याने मच्छीमारांना दिले जातात. ‘मी जाळे टाकत नाही, एकच गळ आहे’ हा युक्तिवाद परवानगीच्या जागी चालत नाही. ज्या काठावरून उतरावयाचे, तेथील संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आधी विचारणा करावी. हा केवळ कायद्याचा मुद्दा नाही. धरणात गावे व शेती गेल्यावर ज्या कुटुंबांनी या पाण्यावर संसार उभे केले, त्यांच्या जाळ्यांमधून हौशी माणसाची होडी जाते, तेव्हा पंख्यात अडकून फाटलेल्या जाळ्याचे नुकसान त्यांनाच सोसावे लागते. पाण्यावर रांगेने तरंगणारी बुचे किंवा बाटल्या दिसल्या, तर वळसा घालावा. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे हा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ पासूनच गुन्हा आहे.

पावसाळ्याच्या आरंभी नवे पाणी आल्यावर बहुतेक मासे अंडी घालतात. मरळेची जोडी या काळात पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागावर एकत्र फिरत असतो आणि त्याच्या खाली मोठा मासा असतो. तो थव्याजवळ आलेल्या कशावरही झेप घेतो, म्हणून या दिवसांत त्याला पकडणे फार सोपे जाते. राखणारा मासा गेला की चिलापीपासून बगळ्यापर्यंत सर्वांना तो थवा मोकळा होतो. असा थवा दिसलेल्या जागी गळ टाकू नये आणि होडीही तेथून दूर न्यावी.